रांग कधी सुरू झाली? : ‘इम्पॉसिबल सब्जेक्ट्स’ वाचताना

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पुस्तकांचे सारांश एकाखाली एक लिहिणं नव्हे, हे मी मागे सांगितलं होतं. आज एकच पुस्तक घेऊन त्याची चिकित्सा कशी करायची ते दाखवायचा प्रयत्न करते. त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये असं वाक्य होतं: ‘अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यांतील सुधारणांमध्ये रांगेत उभ्या असलेल्या कायदेशीर स्थलांतरितांवर अन्याय होतो आणि रांग मोडून आलेल्यांना फायदा मिळतो.’ मला हे वाक्य फार आवडलं होतं. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याची ग्रीन कार्डची फाईल लागून दहा वर्षं उलटली, अजून नंबर नाही. त्याची मोठी मुलगी पुण्यात जन्मलेली. ती एकवीस वर्षांची झाली की साधारणपणे वडिलांच्या अर्जातून बाहेर पडते आणि तिला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. दर गणपतीत व्हिडिओ कॉलवर आमच्याकडे हाच विषय निघतो. त्यामुळे ते वाक्य मला सिद्ध करायची गरजच वाटली नव्हती.

मॅडमनी ड्राफ्ट वाचला, त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, “अगं, ही रांग सुरू कधी झाली?”

मला उत्तर येईना. मग त्यांनी मे न्गाय यांचं ‘इम्पॉसिबल सब्जेक्ट्स: इल्लीगल एलियन्स अँड द मेकिंग ऑफ मॉडर्न अमेरिका’ हे पुस्तक हातात ठेवलं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रेसने २००४ साली काढलेलं. न्गाय या कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित इतिहासकार, आणि इतिहासाकडे वळण्याआधी त्या कामगार संघटनेचं काम करत होत्या.

पुस्तकाचं म्हणणं काय?

चिकित्सेचा पहिला नियम असा की आधी लेखकाचा मुद्दा त्याला स्वतःला पटेल इतक्या ताकदीने मांडायचा. पाडायला सोपा असा कच्चा मुद्दा त्याच्या तोंडी घालायचा नाही.

न्गाय यांचा मुद्दा असा. ‘बेकायदा परकीय’ हा माणूस कायद्याच्या आधीपासून कुठेतरी असतो आणि कायदा त्याला पकडतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कायदा त्याला तयार करतो. संख्येची मर्यादा आली की मर्यादेबाहेरचा माणूस आपोआप जन्माला येतो. तो शेतात राबतो, भाडं देतो, त्याची मुलं शाळेत जातात, म्हणजे समाजात तो आहे, पण कायद्याच्या लेखी त्याला तिथे असणं शक्यच नाही. म्हणून पुस्तकाचं नाव ‘अशक्य’ माणसांवरून.

हे दाखवायला त्यांनी १९२४ ते १९६५ हा काळ निवडला आहे. इथे थांबा. कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात कालखंडाची दोन टोकं हा लेखकाचा युक्तिवादच असतो. १९२४ म्हणजे जॉन्सन-रीड कायदा, ज्याने कोटा पक्का केला. १९६५ म्हणजे हार्ट-सेलर कायदा, ज्याने तो कोटा मोडला. नेहमीची गोष्ट अशी सांगितली जाते की १९२४ ला दार बंद झालं आणि १९६५ ला उघडलं. न्गाय म्हणतात, दोन्ही वेळी दार बांधलंच गेलं, फक्त चौकट बदलली.

तपशील बघू. १९२४ च्या कायद्याने सुरुवातीला प्रत्येक देशाला १८९० च्या जनगणनेतल्या त्या देशात जन्मलेल्या लोकांच्या २ टक्के इतक्या जागा दिल्या. १८९० च का? कारण इटालियन, पोलिश, रशियन ज्यू यांची मोठी लाट त्यानंतर आली. पुढे १९२९ पासून ‘राष्ट्रीय मूळ’ धरून वर्षाला सुमारे दीड लाख जागा वाटल्या गेल्या. त्यात ग्रेट ब्रिटनला ६५,७२१, इटलीला ५,८०२ आणि भारताला १००.

भारताला १०० जागा मिळाल्या हे वाचून मला आधी आश्चर्य वाटलं, कारण १९१७ च्या कायद्याने भारतीयांना बंदी होती. खरी गंमत पुढे आहे. ज्यांना अमेरिकन नागरिक होता येत नाही अशांना १९२४ च्या कायद्याने प्रवेशच नाकारला होता. म्हणजे भारताच्या नावावर १०० जागा, पण भारतीय वंशाच्या माणसाला त्या वापरता येत नाहीत. भारतात जन्मलेला इंग्रज मात्र वापरू शकतो. शिवाय अमेरिकेच्या लोकसंख्येचं ‘मूळ’ मोजताना गुलामांचे वंशज, मूळ अमेरिकन आदिवासी आणि नागरिकत्वाला अपात्र ठरवलेले आशियाई यांना कायद्याने हिशेबातूनच वगळलं. हे प्रकरण संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही वाचावं. आकडे बरोबर मोजले तरी कोणाला मोजायचं हे आधी ठरलेलं असतं.

सुधारणा म्हणून आलेला नवा अडसर

१९६५ च्या कायद्याला इमॅन्युएल सेलर यांचं नाव आहे. हेच सेलर १९२४ मध्ये अगदी नवे खासदार असताना कोट्याच्या विरोधात बोलले होते. चाळीस वर्षं झगडून त्यांनी तो कोटा पाडला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही, आणि न्गायही ती घेत नाहीत.

पण कोटा पाडताना ‘सर्व देशांना समान वागणूक’ हे तत्त्व आलं. पूर्व गोलार्धाला वर्षाला १,७०,००० जागा आणि एका देशाला जास्तीत जास्त २०,०००. त्याच वेळी पश्चिम गोलार्धाला, म्हणजे मेक्सिको, कॅनडा, कॅरिबियन वगैरेंना, पहिल्यांदाच १,२०,००० ची मर्यादा लागली. ती १९६८ पासून अमलात आली. तोवर या देशांना संख्येची मर्यादाच नव्हती. जुना कोटा सोडायला तयार नसलेल्या सिनेटर्सशी झालेल्या तडजोडीची ती किंमत होती. पुढे १९७६ मध्ये २०,००० ची देशवार मर्यादा मेक्सिकोलाही लागली.

न्गाय यांनी दिलेला हिशेब असा: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोतून वर्षाला सुमारे २ लाख ‘ब्रासेरो’, म्हणजे करारावरचे शेतमजूर, येत आणि सुमारे ३५,००० लोक कायमचे राहायला येत. हे सगळं कायदेशीर. १९७६ नंतर त्या सगळ्यांना दार किती? २०,०००. शेतं तीच, मालक तेच, मजूर तेच. बदलला तो त्यांचा कायद्यातला दर्जा.

म्हणजे मॅडमच्या प्रश्नाचं एक उत्तर मिळालं. मेक्सिकन मजुराने रांग मोडली असं मी लिहिलं होतं. तो ये-जा करत होता तेव्हा रांग नव्हती. रांग त्याच्या पायाखाली आखली गेली. आणि आजही बघा: १९९० च्या कायद्यानुसार कौशल्य न लागणाऱ्या कामांसाठी कायमच्या व्हिसाच्या जागा साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,०००. ज्याचा कोणी जवळचा नातेवाईक तिथे नागरिक नाही अशा मजुराने नेमकं कुठल्या रांगेत उभं राहायचं होतं, हे मला माझ्या ड्राफ्टमध्ये सांगता आलं नसतं.

आता माझ्या तक्रारी

पुस्तक आवडलं म्हणून चिकित्सा थांबवायची नसते. मला तीन ठिकाणी अडखळायला झालं.

पहिली तक्रार अर्धी पुस्तकाबद्दल आणि अर्धी ते उद्धृत करणाऱ्यांबद्दल. ‘१९६५ च्या कायद्याने बेकायदा स्थलांतर निर्माण केलं’ असं वाक्य न्गाय यांच्या नावावर सर्रास फिरतं. पण इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत: ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस संपली, गोलार्धाची मर्यादा १९६८ ला आली, देशवार मर्यादा १९७६ ला आली. योजना बंद होणं हा वेगळा निर्णय होता, आणि तिच्या विरोधात कामगार संघटनाही होत्या, कारण त्या मजुरांची पिळवणूक होत होती. न्गाय ब्रासेरोंवर अख्खं प्रकरण लिहितात, त्यामुळे त्यांना हे माहीत नाही असं नाही. पण शेवटच्या प्रकरणात १९६५ चं वजन इतकं वाढतं की कुठल्या कारणाचा वाटा किती, हे वेगळं करणं वाचकावर सोडलं जातं.

इथेच एक सूचना. डग्लस मॅसी आणि कॅरन प्रेन यांनी २०१२ च्या लेखात हाच मुद्दा मांडताना वर्षाला सुमारे साडेचार लाख तात्पुरते मजूर आणि ५०,००० कायमचे असा आकडा दिला आहे. न्गाय २ लाख म्हणतात. मग खोटं कोण? कोणीच नाही. मॅसी-प्रेन १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धाबद्दल बोलतात, तेव्हा योजना शिखरावर होती. न्गाय १९६० च्या सुरुवातीबद्दल बोलतात, तेव्हा ती उतरणीला लागली होती. म्हणजे १९६५ च्या आधीच घसरण सुरू झाली होती, आणि हे दोन लेखन शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. आकडा टिपून घेताना शेजारी वर्ष लिहा. नाहीतर व्हायव्हामध्ये फजिती ठरलेली.

दुसरी तक्रार पुराव्याची. पुस्तकाचा मोठा आधार म्हणजे इमिग्रेशन खात्याची दप्तरं, कोर्टाचे निकाल, काँग्रेससमोरच्या सुनावण्या. कायदा माणसाला कसा घडवतो हे दाखवायला हा पुरावा योग्यच आहे. पण मग पानोपानी सरकारच जास्त बोलतं. ज्या गावांतून माणसं निघाली तिथे या कायद्यांचा अर्थ काय लावला गेला, घरच्यांनी कोणते हिशेब केले, हे कमी कळतं. आपल्यापैकी ज्यांना मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांवर किंवा कोकणातून आखातात गेलेल्यांवर काम करायचंय, त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. दप्तर वाचून दप्तराचीच नजर येते.

तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हद्दपारीवरच्या दुसऱ्या प्रकरणात न्गाय एक विलक्षण गोष्ट दाखवतात. १९२४ पूर्वी बहुतेक कारणांसाठी हद्दपारीला मुदत होती. १९१७ च्या कायद्यात ती साधारण पाच वर्षांची होती. तेवढी वर्षं उलटली की सरकार त्या माणसाला हात लावत नसे. १९२४ च्या कायद्याने विनाव्हिसा आलेल्यांसाठी ही मुदत काढून टाकली. माणूस वीस वर्षं राहिला काय आणि चाळीस वर्षं राहिला काय, तो कायम हद्दपारीच्या छायेत. मग १९२९ मध्ये ‘रजिस्ट्री’ आली: १९२१ च्या आधीपासून सलग राहणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला फी भरून आपलं वास्तव्य कायदेशीर करून घेता येऊ लागलं. पुढे आणखीही वाटा निघाल्या. न्गाय दाखवतात की त्यांचा फायदा मुख्यतः युरोपियनांना झाला, मेक्सिकनांना फारसा नाही. कित्येक गोऱ्या कुटुंबांचे ‘कायदेशीर’ आजी-आजोबा असे मागाहून कायदेशीर झालेले आहेत.

म्हणजे अमेरिकन कायद्याकडे माणूस मोजायची दोन मापं आहेत. एक माप संख्येचं आणि जन्मस्थळाचं: किती जण, कुठले. दुसरं माप काळाचं: किती वर्षं इथे राहिलात. गंमत म्हणजे नागरिकत्व देण्याचा कायदा पहिल्यापासून काळ मोजतो. १७९० मध्ये दोन वर्षं, आणि १८०२ पासून पाच वर्षांचं वास्तव्य. फक्त त्यांची वर्षं धरायची नाहीत, ज्यांना ‘गोरे’ मानलं नव्हतं. भगतसिंग थिंड १९१३ पासून अमेरिकेत होते, अमेरिकन सैन्यात नोकरी केली होती, तरी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेण्याचे दावे सरकारने लावले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते, त्यांच्यावरही दावा लागला. पंडितांनी सांगितलं की या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली, घर, संसार उभा केला आहे. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कारण तांत्रिक होतं, सरकारने १९१४ च्या आदेशाला वेळेत आव्हान दिलं नव्हतं. पण १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला आणि असे बरेच दावे थंडावले.

काळाचं हे माप न्गाय यांच्या हातात होतं. पण पुस्तकाचा शेवट सार्वभौमत्व आणि राष्ट्रवाद यांच्या टीकेकडे जातो, आणि दुसऱ्या प्रकरणातलं हे हत्यार मागेच राहतं. नंतर वर्तमानपत्रात लिहिताना त्यांनी हा मुद्दा उचलला, हे सांगायला हवं. पण पुस्तकात त्याचा सिद्धांत झाला नाही. तो वाचायचा तर जोसेफ केरन्स यांच्याकडे जावं लागतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस जितका काळ एखाद्या समाजात राहतो तितका त्याचा राहण्याचा नैतिक हक्क वाढत जातो. न्गाय इतिहास देतात, केरन्स कारण देतात. दोघांना एकत्र वाचणं हे तुमचं काम.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. काळ मोजायचा ठरवला तर जो जास्त दिवस लपून राहिला त्याला बक्षीस मिळतं. मला यातून एकच वाट दिसते: ठरलेली तारीख आणि सरकती मुदत यांत फरक करायचा. १९८६ च्या कायद्याने मुख्यतः १ जानेवारी १९८२ च्या आधी आलेल्यांना संधी दिली आणि सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. पण १९८२ नंतर आलेले बरेच जण बाहेरच राहिले आणि पुन्हा तोच प्रश्न साचला. रजिस्ट्रीची तारीखही त्याच कायद्याने १ जानेवारी १९७२ वर आणून ठेवली आणि ती तिथेच आहे. म्हणजे आज त्या तरतुदीचा लाभ घ्यायला पन्नास वर्षांहून जास्त वास्तव्य लागतं. सात वर्षांची सरकती मुदत सुचवणारं विधेयक २०२२ मध्ये मांडलं गेलं, मंजूर झालं नाही. मुदत सगळ्यांना आधीच माहीत असेल तर ते बक्षीस राहत नाही, नियम होतो. आपल्याकडे डोमिसाईलच्या दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य मागतात, त्याला कोणी बक्षीस म्हणत नाही.

मग दादाच्या फाईलचं काय?

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला त्याच्या ७ टक्के, म्हणजे ९,८००. त्यातच बायकामुलंही मोजली जातात. भारताला ९,८०० आणि आइसलंडलाही ९,८००. इतरांनी न वापरलेल्या जागा मिळून एखाद्या वर्षी आकडा वाढतो, पण रांग हटत नाही. शिवाय देश धरायचा तो जन्माचा, आजच्या पासपोर्टचा नव्हे. ही मर्यादा उठवायचं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालं, २०२० च्या डिसेंबरमध्ये सिनेटनेही वेगळ्या मसुद्यात संमत केलं, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही.

ही देशवार मर्यादा कुठून आली? १९६५ च्या त्याच ‘समान वागणुकीतून’. देश लहान-मोठा, नातं जुनं-नवं, काही न बघता सगळ्यांना एकच आकडा. मेक्सिकन मजुराला जिने बेकायदा ठरवलं तीच तरतूद दादाला रांगेत उभं ठेवते. दादाची तिथली इतकी वर्षं, भरलेला कर, मुलीची शाळा यांतलं काहीही हा हिशेब मोजत नाही. मजुराचंही मोजत नाही. मी ज्यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं होतं, ते एकाच मापाने मोजले गेले होते.

मागच्या रविवारी हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे त्यांच्यामुळे आमची रांग लांबली नाही?” मी म्हणाले, “नाही रे दादा. तुमच्या ९,८०० मधली एकही जागा त्यांना जात नाही.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हे इथे आमच्या ग्रुपवर कोणाला पटणार नाही.” पटणार नाही, हे मलाही माहीत आहे. मलाही सहज पटलं नव्हतं.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी काढलं. त्या जागी आता प्रश्न आहे: ‘अमेरिकन स्थलांतर कायद्यातील सुधारणांनी वास्तव्याचा काळ हे माप कधी वापरले, कधी नाकारले आणि कोणासाठी?’ मॅडमनी त्याखालीही पेन्सिलने रेघ मारली आहे, पण या वेळी प्रश्नचिन्ह नाही. आरआरसीसमोर जायचं आहे, तेव्हा बघू.

तुमच्यासाठी गृहपाठ एवढाच. तुमच्या ड्राफ्टमधलं सगळ्यात आवडतं वाक्य शोधा. त्यातला जो शब्द सिद्ध करायची गरज वाटत नाही, त्याच्यासमोर लिहा: हे कधी सुरू झालं? मग वाचायला बसा.